धाग्याची पारख

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. नामदेव शिंपी कुळातले. सुई, दोरा आणि कात्री हेच त्या घराचे भांडवल. त्याच परिसरात आजही उन्हाळ्यात शेतीची कामे आटोपली की ओसरीवर जुनी लुगडी आणि धोतरे अंथरली जातात व वाकळ शिवायला घेतली जाते. त्यासाठी बाजारातून आणावी लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे दोरा. कापड घरचे, श्रम घरचे, विकतचा तेवढा दोरा. म्हणूनच तो घेताना सर्वांत कमी विचार होतो आणि नुकसान नेमके तेथेच होते.

ग्राहक सहसा ‘मजबूत दोरा द्या’ असे म्हणतो आणि दुकानदार पॉलिएस्टरचे रीळ पुढे करतो. शाळेचा गणवेश, पिशवी किंवा कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी ते योग्यच आहे. वाकळीचे गणित मात्र वेगळे. वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेल्या सुती लुगड्यात सहज न तुटणारा, न झिजणारा दोरा घातला, तर ओढ बसताच दोरा टिकतो आणि टाक्यापाशी कापड चिरते. दोरा तुटला तर पाच मिनिटांत नवा टाका घालता येतो. आजीचे लुगडे फाटले तर ते कोणत्याही पेढीवर मिळत नाही. म्हणून दोरा कापडाहून किंचित नरम असावा, हा जाणत्यांचा नियम. सुती कापडाला सुती दोरा, हे त्याचे सोपे रूप. रेशमी दोऱ्याचा प्रश्न जैन घरांत बहुधा उद्भवत नाही. कोश उकळून काढलेला धागा अनेक कुटुंबे वर्ज्यच मानतात.

सुती दोऱ्याची परीक्षा दुकानाच्या गल्ल्यापाशीच करता येते. हातभर दोरा पांढऱ्या कागदावर धरावा. त्यावर लव फार दिसली, मध्येच जाड गाठी किंवा बारीक जागा आढळल्या, तर तो आखूड तंतूंच्या कापसाचा समजावा. टोकाचा पीळ उलगडून पदर मोजावेत. तीन पदरी दोरा दोन पदरीपेक्षा गोल आणि एकसारखा असतो. दोन्ही हातांनी तो हळूहळू ताणावा. कुजका दोरा झटक्याशिवायच तुटतो. सुती म्हणून दिलेल्या दोऱ्याविषयी शंका असेल, तर घरी चिमट्यात धरून एक तुकडा जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

वेष्टनावर ‘मर्सराइज्ड’ असा शब्द असल्यास त्याचा अर्थ जाणून घ्यावा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८४४ च्या सुमारास कापसावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. पुढे त्या प्रक्रियेत सूत ताणून धरण्याची रीत आली. असे सूत चमकदार व अधिक बळकट होते आणि रंगही चांगला धरते. रिळावरील अंकाविषयीही गैरसमज असतो. सुती दोऱ्यात सामान्यतः अंक जितका मोठा, तितका दोरा बारीक. मेण किंवा खळ चढवलेला गुळगुळीत दोरा हाताच्या शिवणीसाठी उत्तम. यंत्रात मात्र त्याचा लेप घासून निघतो व ताणाच्या चकत्यांत साचतो.

आणखी दोन काळज्या आवश्यक आहेत. जुने कापड आटायचे तेवढे आटलेले असते, नवा दोरा आटायचा असतो. न धुतलेल्या दोऱ्याने शिवलेली वाकळ पहिल्या धुण्यात चुण्या धरते. म्हणून दोरा लडीच्या रूपात गरम पाण्यात भिजवून सावलीत वाळवावा. लाल, निळा किंवा काळा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळावा. रंग उतरला, तर तो दोरा तान्ह्या बाळाच्या दुपट्याला लावू नये.

आता हिशेब. वाकळ ६ फूट लांब व ४ फूट रुंद आणि ओळी अर्ध्या इंचावर धरल्या, तर ९६ ओळी होतात. प्रत्येक ओळ ६ फुटांची, म्हणजे ५७६ फूट किंवा सुमारे १७५ मीटर. टाक्यांचा चढउतार, गाठी आणि कडा धरून २२५ मीटर घ्यावेत. दुहेरी दोऱ्याने शिवायचे असल्यास ४५० मीटर. रीळ स्वस्त की महाग, हे त्याच्या आकारावरून नव्हे, तर वेष्टनावरील लांबीने किमतीस भागून ठरवावे. लागेल तेवढा दोरा एकदाच घ्यावा, कारण पुढच्या खेपेस तोच रंग किंचित निराळा निघतो. एका रिळामागे पाच रुपये वाचले, तरी बचत दहा-पंधरा रुपयांची. पणाला लागतात ते मात्र घरातील बाईचे कित्येक दिवसांचे श्रम.

हा हिशेब दुकानदारानेही मांडावा. काचेच्या कपाटात वर्षभर उन्हात राहिलेले रीळ वरून सुबक दिसते, पण त्याचे बाहेरचे फेरे दुर्बळ झालेले असतात. ते पुढे सरकवले तर विक्री होते. बाजूला काढले तर थोडा तोटा होतो. ग्राहकाला त्या वेळी दोन्हींतला फरक कळत नाही. तो कळतो दोन वर्षांनी, जेव्हा वाकळीचे टाके एकामागून एक सुटू लागतात. तेव्हा त्या घराला रिळाची किंमत आठवत नाही, दुकान आठवते. दुकानातील या सर्वांत स्वस्त मालावर पेढीचे नाव असे टांगलेले असते.