‘प्रलयाचा मासा’ खरंच भूकंपाची वर्दी देतो का?

2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस तामिळनाडूच्या मच्छीमारांच्या हाती एक लांबलचक, चंदेरी मासा लागला. व्हिडिओ व्हायरल झाला आणि पाठोपाठ ‘डूम्सडे फिश दिसला, आता मोठं संकट येणार’ असे मेसेजही फिरू लागले. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी ज्या किनाऱ्याने सोसली, तिथे असा फॉरवर्ड हसण्यावारी नेणं सोपं नसतं.

हा मासा म्हणजे ओअरफिश. रेगालेसिडी नावाच्या अगदी छोट्या कुळातला. अंग रिबिनीसारखं चपटं, खवले नाहीत, डोक्यावर लाल तुरा. हाडं असलेल्या माशांमध्ये सर्वांत लांब हाच. तो खोल पाण्यात बहुतेक वेळा उभाच तरंगतो आणि क्रिलसारखे बारीक जीव खातो. शेपटीकडचा भाग स्वतःच तोडून टाकू शकतो, हे आणखी एक नवल! प्रलय वगैरे आणण्याइतका तो उग्र मुळीच नाही. वर येतो तो बहुधा आजारी, जखमी किंवा मरणपंथाला लागलेला असतो.

मग ही भीती आली कुठून? जपानमधून. तिथे त्याला ‘समुद्रदेवाच्या महालाचा दूत’ म्हणतात. 2011 च्या महाभूकंपाआधीच्या वर्षभरात तिथल्या किनाऱ्यांवर बरेच ओअरफिश सापडले होते, त्यामुळे समजूत पक्की झाली. ऑगस्ट 2024 मध्ये कॅलिफोर्नियात ओअरफिश सापडला आणि दोनच दिवसांत लॉस एंजेलिसला 4.4 तीव्रतेचा धक्का बसला. झालं!

पण जपानी संशोधकांनी 2019 मध्ये थेट हिशोबच मांडला. 1928 ते 2011 या काळात ओअरफिशसह खोल समुद्रातले मासे दिसल्याच्या 336 नोंदी त्यांनी भूकंपांशी ताडून पाहिल्या. मेळ बसला फक्त एका ठिकाणी. जपानमध्ये भूकंप इतके होतात की कुठलीही तारीख घ्या, मागेपुढे एखादा धक्का सापडतोच.

भूकंपाचं भाकीत आज कुणालाच करता येत नाही. त्सुनामीचा इशारा मात्र देता येतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये 2007 पासून त्यासाठी केंद्र चालतं. भूकंपमापक, समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरची पाण्याची पातळी यांवरून ते इशारा देतं. तुम्ही किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हादरली किंवा पाणी अचानक आत ओढलं गेलं, तर मोबाइलवरच्या मेसेजचीही वाट पाहू नका. लगेच उंच जागा गाठा.