‘पदवी नसलेले ठेकेदार’: वस्तुस्थिती वेगळी



पदवी नसलेल्यांना वीज ठेकेदारीचे परवाने मिळतातच कसे, असा सवाल आपल्या अंकातील लेखात आहे. मिळतात, कारण कायद्याने पदवीची सक्ती केलेलीच नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करायचे, तेही सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली. आयटीआय झालेला मुलगा राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्री होतो, अनुभव घेत पर्यवेक्षक होतो, पुढे ठेकेदारीत उतरतो. लेखक याला ‘मागचे दार’ म्हणतात!

अपघात होतात, हे खरे. पण डोंगरकड्याच्या केळीच्या बागांत मोटारीच्या पेटीला अर्थिंग नसते, तिथे जोडणी बहुधा कसलाच परवाना नसलेल्याने केलेली असते. तिथे तपासणी हवी. पदवीची अट घातली तर आहेत तेही परवानाधारक कमी होतील. ऐन उन्हाळ्यात रात्री मोटार बंद पडल्यावर शेतकरी अभियंत्याची वाट पाहत बसत नाही, मिळेल त्याला खांबावर चढवतो.

पुढचा लेख लिहिण्यापूर्वी लेखकांनी परवान्याचा एक अर्ज तरी वाचावा.

– एक परवानाधारक तारतंत्री, डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली