कळसूबाई 'मारली', पण पाहिली का?

पावसाळा तोंडावर आला की होस्टेलच्या नोटीस बोर्डावर हमखास एक कागद लागतो. 'चला कळसूबाईला! १६४६ मीटर! विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर!' शनिवारी रात्री मेस उरकून गाडी निघते. बारी गावातून टॉर्चच्या उजेडात चढाई, माथ्यावर सूर्योदय (धुक्यातून दिसला तर!), देवीला नमस्कार, फोटो, आणि दुपारी रूमवर येऊन डाराडूर. झाली कळसूबाई 'मारून'! मीही दोनदा अशीच मारली आहे, त्यामुळे हे काही दुसऱ्यांना शिकवायला लिहीत नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे तो कागदच चुकीचा आहे. कळसूबाई हा ज्वालामुखी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. पुढे पावसाने, नद्यांनी ते कोरून काढले. जे झिजायचं राहिलं, ते आज महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर! पश्चिम घाटातल्या या बेसॉल्टच्या सर्वात खालच्या थरांना तर भूशास्त्रात 'कळसूबाई सबग्रुप' असंच नाव आहे. आपण मात्र लॅबमधल्या खोक्यातला दगड बघून जर्नलमध्ये 'अ‍ॅमिग्डलॉइडल बेसॉल्ट' लिहितो आणि सही घेऊन मोकळे होतो.

तिसऱ्यांदा गेलो तो मे महिन्यात, आणि दिवसा. वाटेतल्या एका झोपडीत सरबत प्यायलो आणि मावशींकडे हात-पाय धुवायला पाणी मागितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "प्यायला हाय बाळा. पाय खाली गेल्यावर धू." ते पाणी त्यांनी खालून हंड्याने डोक्यावर आणलं होतं. मी सिव्हिलचा विद्यार्थी, काय बोलणार?

माथ्यावर पोचलो तर खाली भंडारदऱ्याचा जलाशय चमकत होता. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण! त्यातलं पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खालच्या तालुक्यांतल्या शेतीला जातं. आणि एवढा धो-धो पाऊस पडणाऱ्या या डोंगरउतारावर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट!

याचं निम्मं उत्तर पायाखालच्या दगडात आहे. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरायला जागाच नाही. जे थोडंफार साठतं ते भेगांत आणि कुजलेल्या थरांत, बाकीचं तीव्र उतारावरून धावत सुटतं. थर दिसतातही स्पष्ट. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. आपण लोखंडी शिडी धरून चढतो ती अशाच उभ्या कड्यावर. पण रात्री टॉर्चच्या उजेडात हे दिसणार कसं? उरलेलं निम्मं उत्तर आपल्याकडे, म्हणजे इंजिनियर लोकांकडे आहे. धरण कुठे बांधायचं हे आपण शिकतो. धरणाच्या वर राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न व्हायव्हाला कुणी विचारत नाही.

काही जण म्हणतील, "अरे, ट्रेक मजेसाठी असतो, तिथेही लेक्चर कशाला?" मान्य! मजा कराच. पण यंदा तीन गोष्टी करून बघा. ट्रेक दिवसा करा. आपलं पाणी आपण वर न्या, प्रत्येकी किमान ३ लिटर. आणि उतरल्यावर गाडी तासभर थांबवून बारीतल्या विहिरी बघा, जुन्या माणसांशी बोला. आमच्या सरांनाही एक विनंती : भूशास्त्राचं एक प्रॅक्टिकल लॅबऐवजी तिथे घ्या ना! हजेरी शंभर टक्के लागेल, शब्द देतो.

आणि हो, नोटीस बोर्डावरचा तो 'विझलेला ज्वालामुखी' यंदा मीच खोडणार आहे!