फसवणारा देव आणि फसलेला माणूस

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात युरोपीय घडणीची एक घंटा आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगितले जाते. ख्रिस्ती प्रार्थनेला बोलावणारी ही घंटा आता ज्या देवापुढे वाजते, त्याच्या कथेत ऐन मध्यावर एक वेषांतर आहे. गणेशपुराणातील बालभक्त बल्लाळाला बापाने मारून झाडाला बांधून ठेवले. त्याला सोडवायला गणेश आला तो ब्राह्मणाच्या रूपात. देवाने आपण जे नव्हे ते रूप दाखवले. मग देव खोटे वागला काय?

प्रश्न बालिश वाटेल. पण तो तसा नाही. देव माणसाला फसवू शकतो काय, हा ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातील एक जुना वाद आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील आपल्या वादगद्याच्या मुळाशीही त्याचेच एक भावंड आहे. आमची तक्रार अशी की हे गद्य आपण वर्गात केवळ ‘अव्वल इंग्रजीतील गद्यशैलीचे नमुने’ म्हणून शिकवतो. वाद कशाविषयी होता, कोण कोठे चुकले, हे विचारण्याचे मात्र टाळतो.

१८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. त्यातून मोरभटांची ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ निघाली आणि तिला विल्सनने उत्तर दिले. त्याच दशकात विल्सनचा दुसरा वाद हाजी मुहम्मद हाशिम या इस्फहानच्या मुसलमान विद्वानाशी झाला. पुढे १८५७ मध्ये, आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मलेले विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. पुराणांतील देव कपट करतात, म्हणून ते देव नव्हेत, हे मिशनऱ्यांचे आवडते हत्यार. ती ‘लीला’ आहे, हे आपले ठरलेले उत्तर.

ख्रिस्ती–मुसलमान वादातही मांडणी हीच. कुराणाच्या तिसऱ्या अध्यायात ईसाच्या शत्रूंनी ‘मक्र’ केला आणि अल्लाहनेही केला, असे येते. ख्रिस्ती वादक म्हणतो, पाहा, हा कपटी देव. मुसलमान उत्तर देतो की अरबीत ‘मक्र’ म्हणजे गुप्त बेत; तो चांगला की वाईट हे करणाऱ्यावर ठरते. उत्तर रास्त आहे. आपल्या कानाला तो शब्द खटकतो, कारण ‘मक्कार’ हा त्याचा भाऊबंद आपल्याकडे शिवी होऊनच आला. मग मुसलमान वादक बायबल उघडतो. ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात अहाब राजाच्या संदेष्ट्यांच्या तोंडी परमेश्वर असत्य वदवणारा आत्मा घालतो. आता रूपक, संदर्भ, मूळ भाषा हे सारे ख्रिस्ती पक्षाला एकाएकी आठवू लागते.

म्हणजे स्वतःचा ग्रंथ वाचताना सारे साहित्याचे मर्मज्ञ, आणि दुसऱ्याचा वाचताना पोलीस पंचनाम्याचे कारकून! आमचा रोख या दुटप्पी वाचनावर आहे. यात धर्मापेक्षा वाचनशिस्तीचा अपराध मोठा आहे, म्हणूनच तो साहित्याच्या माणसांच्या अखत्यारीत येतो.

कोणी म्हणेल, देवाला माणसाची नीती लावायचीच कशाला? अश्अरी परंपरेतील धर्मशास्त्री काहीसे असेच म्हणत आले. अल्लाह खोटे बोलू शकतो काय, हा ‘इम्कान-ए-किज्ब’चा वाद तर देवबंदी आणि बरेलवी या मुसलमानांच्याच दोन पंथांत पेटला. पण ज्याने ही ढाल घेतली त्याने दुसऱ्याच्या देवावर कपटाचा आरोप करण्याचा हक्कही सोडला पाहिजे. लीला, न्याय, सर्वशक्तिमत्ता या तिन्ही ढाली स्वतःपुरत्याच वापरल्या जातात, हे आमचे दुखणे आहे.

मग या कथा वाचाव्यात कशा? आम्ही म्हणतो, फसलेल्याच्या बाजूने. त्याचे काय झाले, हे विचारा. पालीच्या कथेत वेषांतराने बल्लाळाचे काही हिरावले नाही, तो सुटला. अहाबाला तर मीखायाने तो बेत भर दरबारात सांगून टाकला. सांगून केलेली फसवणूक ती कसली? पण सगळ्याच कथा अशा सुटत नाहीत. कुराणाच्या चौथ्या अध्यायात, ईसाला क्रुसावर मारल्याचा केवळ भास झाला, असे आहे. बहुतेक भाष्यकारांप्रमाणे हा भास अल्लाहनेच घडवला. मग त्या भासावर विश्वासून जगलेल्या निरपराध पिढ्यांचे काय? थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात देव काहींना भ्रमात पाडतो. त्यांनी आधीच सत्य नाकारले होते असे पत्र म्हणते, पण भ्रमात पडलेल्याला परतीची वाट उरते काय?

आणि आपला बळी? वामनाने बटूचे रूप घेऊन ज्याला पाताळात घातले तो राजा दुष्ट नव्हता, दानशूर होता. येथे ‘न्याय’ ही ढाल चालत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नेमके येथे बोट ठेवले आणि वामनाची कथा जिंकणाऱ्यांनी रचलेली ठरवली. त्यांचा इतिहास कोणास पटो वा न पटो, त्यांनी वाचनाची बाजू बदलली. ती बाजू लोकांनी तर आधीच बदलली होती. दिवाळीत ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणारी आई वामनाच्या पक्षाची नसते.

प्रत्येक परंपरेत असे एक दुखरे ठिकाण असते. वाद करायचाच तर प्रत्येकाने आपल्या दुखऱ्या ठिकाणापासून आरंभ करावा: हिंदूने बळीपासून, ख्रिस्त्याने त्या पत्रापासून, मुसलमानाने त्या भासापासून. विल्सन, मोरभट आणि विष्णुबावा वर्गात शिकवणाऱ्यांनीही प्रत्येकाला हाच प्रश्न विचारावा. जो आपल्या देवाची उलटतपासणी घेण्यास धजत नाही, त्याला दुसऱ्याच्या देवावर फिर्याद करण्याचा अधिकार नाही.