१९३९ चा विजेताही मोजा

एनबीए आपलं वय १९४६ पासून मोजते. २०२१-२२ मध्ये तिचा पंचाहत्तरावा मोसम थाटात साजरा झाला. लीगची जन्मतारीख म्हणून ते ठीकच. पण व्यावसायिक बास्केटबॉलही तिथूनच सुरू झाला हा समज मला मान्य नाही. नागपुरात मी मुलांना हा खेळ शिकवतो. लेकर्सची जर्सी घालून येणाऱ्या मुलांनी ‘न्यूयॉर्क रेन्स’ हे नावही ऐकलेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅरिबियन बेटांतल्या सेंट किट्सहून न्यूयॉर्कला आलेल्या बॉब डग्लस यांनी १९२३ मध्ये हा संघ उभा केला. संघ होता, पण हक्काची जागा नव्हती. हार्लेममध्ये विल्यम रोच यांचं ‘रेनेसान्स’ हे नवं नृत्यगृह होतं. सौदा ठरला: जागा तुमची, नाव तुमचं, खेळ आमचा. मालकही कृष्णवर्णीय, खेळाडूही कृष्णवर्णीय. नाचाच्या गुळगुळीत लाकडी फ्लोअरवर सामना व्हायचा आणि तो आटोपला की बँड वाजू लागायचा.

३ नोव्हेंबर १९२३ चा पहिला सामना रेन्सनं २८-२२ असा जिंकला. हा स्कोअर ऐकून आमची पोरं हसतात. मग मी त्यांना समजावतो, की तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर नेऊन जंप बॉल घ्यावा लागे. हा नियम १९३७ मध्ये गेला. अशा खेळात चेंडू हाती आला की तो गमवायचा नाही, यालाच मोल. रेन्सनं ते पासिंगवर साधलं. ड्रिबल कमी, पास भराभर, पाचही जण सतत हलते. १९३२-३३ च्या मोसमात त्यांनी ८६ दिवसांत सलग ८८ सामने जिंकले. म्हणजे दिवसाला एकाहून जास्त, तेही बसनं गावोगाव फिरत. ज्या गावात टाळ्या घेतल्या, तिथलंच हॉटेल खोली नाकारायचं. मग बसमध्येच कोरडं खायचं आणि मैलोन्‌मैल दूर मुक्कामाला जायचं.

‘पण ते कुठल्या लीगमध्ये होते?’ असा प्रश्न येतो. नव्हते, कारण घेतलंच नाही. १९२५ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगची दारं कृष्णवर्णीय संघांना बंद होती. ज्यांनी दार लावलं, त्यांच्याच हजेरीपटावरून गैरहजेरी मांडायची, हा कुठला न्याय?

१९३९ मध्ये शिकागोला पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा झाली. तिथं गोरे-काळे दोन्ही संघ उतरले. उपांत्य सामन्यात रेन्सनं हार्लेम ग्लोबट्रॉटर्सना २७-२३ नं हरवलं, अंतिम फेरीत नॅशनल बास्केटबॉल लीगच्या मातब्बर ऑशकॉश ऑल-स्टार्सना ३४-२५ नं. विजयाची जॅकेटं शिवून आली, त्यांवर ‘कृष्णवर्णीय जागतिक विजेते’ अशा अर्थाची अक्षरं होती. जॉन आयझॅक्स या खेळाडूनं ब्लेड घेतलं आणि ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द उसवून काढला. जॅकेट खराब केलंस म्हणून डग्लस रागावले. आयझॅक्सच्या मते ते आता कुठे नीट झालं होतं. मी आयझॅक्सच्या बाजूचा आहे.

१९४८-४९ मध्ये हा संघ डेटनला जाऊन अखेर नॅशनल लीगमध्ये खेळला. पुढच्याच उन्हाळ्यात १९४६ ला सुरू झालेली लीग आणि ही नॅशनल लीग एक होऊन एनबीए हे नाव आलं, त्यात डेटनला जागा मिळाली नाही. एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५० उजाडलं.

हॉल ऑफ फेमनं १९६३ मध्ये पूर्ण संघाला मान दिला, ते चांगलंच झालं. पण संग्रहालयात मान वेगळा आणि विक्रमांच्या पानावर जागा वेगळी. अमेरिकन बेसबॉलनं २०२० मध्ये जुन्या निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत मिळवले. बास्केटबॉलमध्ये काम त्याहून सोपं आहे. शिकागोची ती स्पर्धा १९३९ ते १९४८ अशी दहा वर्षं झाली. १९३९ ला रेन्स, १९४० ला ग्लोबट्रॉटर्स आणि १९४३ ला वॉशिंग्टन बेअर्स हे कृष्णवर्णीय संघ जिंकले. एनबीएनं आपल्या विजेत्यांच्या यादीआधी या दहाही वर्षांच्या विजेत्यांची यादी छापावी, आणि तीही कोणतंही विशेषण न लावता.