मूळपुरुषाचे छायाचित्र

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबाला आपला मूळपुरुष सापडतो तेव्हा तो क्रमांकासह सापडतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. जहाज, वय, बापाचे नाव, जात, गाव, अंगावरची खूण, सारे त्यात आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे या बेटावर उतरली; मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले पुष्कळ होते. हा ठेवा अमोल आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो आपण तो कसा वाचतो याविषयी.

आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे तो कुलवृत्तान्त, घराण्याने स्वतःच्या गौरवासाठी छापलेला. ही वही मात्र मळेवाल्यांच्या सोयीसाठी सरकारी कारकुनाने भरली. त्याला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले, आणि मजुराचे ते व्यक्तिनामच पुढे नातवंडांचे आडनाव होऊन बसले. अशा वहीतल्या 'जात' या रकान्यावर बोट ठेवून कुळ सिद्ध झाले म्हणणे हा भाबडेपणा आहे. भरतीच्या वेळी जी जात सांगणे सोयीचे ती कोणी सांगितली नसेल कशावरून? (इकडून तिकडे जाऊन 'आपलेच रक्त' म्हणून भाषणे ठोकणाऱ्या पाहुण्यांना तर ही शंका शिवतही नाही.)

आणि ते छायाचित्र! १८६७ च्या कायद्याने, करार पुरा केलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. नसला की अटक. या जाचाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने ९,४०१ जणांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि पुढच्या वर्षी शाही चौकशी आयोग आला. पोलिसाला ओळख पटावी म्हणून टिपलेला चेहरा आज वंशाभिमानाची खूण म्हणून मिरवायचा असेल, तर त्या अर्जाची आठवण निदान शेजारी टांगावी.

मार्च २०२४ मध्ये भारताने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची सवलत जाहीर केली. सवलत चांगली आहे. पण त्यामुळे पूर्वज हा अर्जाला जोडायचा कागद होऊन बसतो, आणि कागद एकच पुरतो. सातव्या पिढीतल्या माणसाला सहा पायऱ्या वर चौसष्ट पूर्वज असतात. त्यांत भोजपुरी बोलणारे असतील, तमिळ असतील, तेलुगू असतील, आणि निम्म्या तर स्त्रिया. जहाजावर बायका पुरुषांहून फार कमी होत्या. काही एकट्याच निघालेल्या. त्यांनाही वेगळा क्रमांक मिळाला होता, त्याच वहीत, तसाच जहाजाच्या आणि गावाच्या नावासह. वडिलांकडचा एक पुरुष हाती लागला की मात्र वही मिटली जाते.