सलोख्याची सुखात्मिका आणि बुडालेला हिशेब

१

लोकप्रिय चित्रपटाचा विचार करताना आपली समीक्षा दोन सोयीच्या भूमिका घेत आलेली आहे. पहिली भूमिका शुद्ध सौंदर्यवाद्यांची. ठरावीक साच्यातून निघालेली कृती ही कलाकृती नव्हे, तेव्हा तिच्या मीमांसेत वेळ दवडण्याचे कारण नाही, असे ही भूमिका मानते. दुसरी भूमिका पाश्चात्त्य सिद्धान्तांशी नुकताच परिचय झालेल्यांची. अशी प्रत्येक कृती म्हणजे उत्तर-आधुनिक स्मरणरंजनाचा नमुना. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या मांडणीतील दोन-तीन संज्ञा तिच्यावर चिकटवल्या की विवेचन पूर्ण झाले. वरवर पाहता परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिका एका बाबतीत एकमताच्या आहेत. कृती प्रत्यक्ष वाचण्याची गरज दोघींनाही भासत नाही.

प्रस्तुत लेखात ज्या चित्रपटाचा विचार करावयाचा आहे तो या दोन्ही भूमिकांचा हमखास बळी ठरेल असा आहे. माल्कम डी. ली दिग्दर्शित ‘सोल मेन’ हा अमेरिकी चित्रपट नोव्हेंबर २००८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला थोर म्हणण्याचा आग्रह येथे नाही. त्याचे कथानक दोन वाक्यांत सांगता येते. मार्कस हुक्स या विख्यात सोल गायकाच्या मागे एके काळी साथ करणारे लुई हिंड्स आणि फ्लॉइड हेंडरसन हे दोघे वीस वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. हुक्सच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये होणाऱ्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी ते एकत्र येतात आणि मोटारीने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे निघतात. वाटेत भांडणे होतात, लहानसहान रंगमंचांवर गाणी होतात, आणि अखेर सलोखा होतो. सॅम्युएल एल. जॅक्सन आणि बर्नी मॅक यांनी या भूमिका केल्या आहेत.

हा साचा जुना आहे. नील सायमन यांच्या ‘द सनशाइन बॉइज’ (नाटक १९७२, चित्रपट १९७५) या कृतीत व्हॉडव्हिल रंगभूमीवरचे दोन वृद्ध विनोदवीर अशाच अबोल्यानंतर एकत्र आणले जातात. प्रश्न साचा जुना असण्याचा नाही. हा साचा सोल संगीताच्या इतिहासावर बसवला जातो तेव्हा त्या इतिहासातला कोणता भाग साच्याबाहेर पडतो, हा खरा प्रश्न आहे. आणि जो भाग बाहेर पडतो तो आपल्या समीक्षेलाही का दिसत नाही, हा त्याहून महत्त्वाचा.

२

नॉरथ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) या ग्रंथात सुखात्मिकेची जी संरचना सांगितली, ती आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. आरंभी एखादा जाचक कायदा किंवा हट्टी वडीलधारा नायकाच्या मार्गात उभा असतो. तो अडथळा दूर झाला की शेवटी एक नवा समाज आकाराला येतो. पुढे स्टॅनली कॅव्हेल यांनी ‘पर्सूट्स ऑफ हॅपिनेस’ (१९८१) मध्ये हॉलिवुडच्या काही सुखात्मिकांना पुनर्विवाहाच्या सुखात्मिका म्हटले. तेथे प्रश्न एकत्र येण्याचा नसून पुन्हा एकत्र येण्याचा असतो. वृद्ध दोस्तांच्या पुनर्मीलनाचा चित्रपट हा याच रूपबंधाचा भाऊबंद होय. फ्राय यांच्या संरचनेत अडथळा होणारे म्हातारे येथे नायक झालेले आहेत. मग अडथळा कोण?

‘सोल मेन’ या प्रश्नाची तीन उत्तरे देतो. पहिला अडथळा मार्कस हुक्स. त्याने साथीदारांना सोडून एकट्याने कीर्ती मिळवली. पण चित्रपट सुरू होतो तेव्हा तो मृत आहे, आणि मृताशी भांडता येत नाही. दुसरा अडथळा एक स्त्री. दोघांचेही तिच्यावर प्रेम होते. ईव्ह सेजविक यांनी ‘बिट्वीन मेन’ (१९८५) मध्ये वर्णिलेला त्रिकोण येथे जसाच्या तसा आहे: दोन पुरुषांमधील नाते बोलते व्हावे म्हणून मध्ये एक स्त्री ठेवली जाते, आणि तिला स्वतःला बोलण्याचे कारण उरत नाही. तिसरा अडथळा त्या दोघांचा स्वभाव: एकाचा ताठा, दुसऱ्याची बडबड. तिन्ही अडथळे खासगी आहेत. तिन्ही अडथळे क्षमेने दूर होतात. लुई तुरुंगात का गेला आणि फ्लॉइडला गाणे सोडून मोटारी धुण्याचा धंदा का करावा लागला, या प्रश्नांची उत्तरेही या खासगी कथेतच शोधावी अशी चित्रपटाची अपेक्षा आहे. संगीताच्या व्यवसायाचे प्रतिनिधी पडद्यावर येतात ते हास्य उत्पन्न करण्यापुरते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ज्या जोडीची आठवण हा चित्रपट अपरिहार्यपणे करून देतो, ती सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर यांची जोडी खरोखरच दुभंगलेली होती. रंगमंचावर एकमेकांच्या तोंडातला शब्द झेलणारे हे दोघे रंगमंचाबाहेर वर्षानुवर्षे बोलत नसत, असे स्वतः मूर यांनी सांगितलेले आहे, आणि त्याची कारणेही खासगीच होती. मग भांडणाची कथा खोटी कशी? ती खोटी नाहीच. परंतु दोन माणसे एकमेकांशी का बोलत नाहीत याचे ते उत्तर आहे. देशभर गाजलेल्या आवाजाला उतारवयात आपल्याच गाण्याच्या मिळकतीसाठी का झगडावे लागते, याचे ते उत्तर नव्हे. चित्रपट पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहितो. या रूपबंधाची खरी चलाखी या बदलात आहे.

३

तो दुसरा प्रश्न आता इतिहासाच्या भाषेत मांडू. ‘सोल मॅन’ हे गीत १९६७ चे. आयझॅक हेझ आणि डेव्हिड पोर्टर यांनी ते रचले आणि मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत सॅम व डेव्ह यांनी ते गायिले. त्या वर्षीच्या जुलैत डेट्रॉइटमध्ये उसळलेल्या दंगलीची दृश्ये हेझ यांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या दुकानांवर ‘सोल’ हा शब्द लिहिलेला असे आणि जाळपोळीतून ती दुकाने वाचत. या दृश्यातून गीताची कल्पना सुचल्याचे हेझ यांनी नमूद केले आहे. म्हणजे ‘सोल’ हा शब्द येथे आत्म्याविषयीच्या कोणत्याही अध्यात्माच्या आधी मालकीची खूण म्हणून आलेला आहे. हे दुकान आपले आहे, एवढेच तो दारावरून सांगतो.

मालकीच्या खुणेतून जन्मलेल्या या गीताची मालकी मात्र कोणाची? अ‍ॅटलांटिक कंपनीशी १९६५ मध्ये केलेल्या करारामुळे तिच्यामार्फत वितरित झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणांचा हक्क आपल्याकडे उरलेलाच नाही, हा शोध स्टॅक्सला १९६८ मध्ये लागला. सॅम व डेव्ह हे मुळात अ‍ॅटलांटिकचे करारबद्ध गायक. तेही परत गेले. डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्सचे दिवाळे निघाले. १९७६ मध्ये हेझ स्वतः दिवाळखोर ठरले आणि तोवरच्या आपल्या संगीताच्या भावी उत्पन्नावरचे हक्क त्यांनी गमावले. गायकांची स्थिती याहूनही वाईट. अमेरिकेत पारंपरिक रेडिओवर गाणे वाजते तेव्हा रचनाकार व प्रकाशक यांना मोबदला मिळतो. गाणाऱ्याला आजही काही मिळत नाही. शिवाय १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तेथील संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण २०१८ पर्यंत नव्हतेच. मूर यांनी निवृत्तिवेतनासाठी १९९३ मध्ये दावा लावला; रेडिओवरील मोबदल्यासाठी २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. ही साक्ष देताना ते सत्तरीत होते.

रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेही हेच १९६७ साल. हा योगायोग आपल्या परिसंवादांना अंतर्मुख करणारा ठरावा. लेखक मेला, संहिता मुक्त झाली, अर्थाची मालकी कोणाचीच नाही, ही वाक्ये आपण आता निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहितो. पण कायद्याच्या पुस्तकात लेखक जिवंत होता आणि मोबदला घेत होता. नसलेला होता तो गाणारा. सोल संगीताचा प्राण असलेली हाक आणि प्रतिसाद यांची रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आली. तिथे दुसऱ्याचा प्रतिसाद पहिल्याच्या हाकेइतकाच रचनेचा भाग असतो. तो स्वरलिपीत नसतो, म्हणून हक्कातही नसतो. ज्याला लेखकत्व कधी मिळालेच नाही त्याला लेखकाच्या मृत्यूने काय मुक्ती मिळणार? मिशेल फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात लेखक हे एक कार्य असल्याचे आणि त्याचा संबंध मालमत्तेच्या व्यवस्थेशी असल्याचे बजावले होते. आपण बार्थ उचलला, कारण तो आनंददायक आहे. फूकोमधला मालमत्तेचा मुद्दा मात्र टाचणात राहून गेला.

४

या पार्श्वभूमीवर चित्रपटाबाहेर घडलेले प्रकरण पाहावे. चित्रपट आपल्या जीवनावर बेतला आहे आणि त्याचे शीर्षक आपल्या व्यापारचिन्हाचा भंग करते, असे म्हणत मूर यांनी २००९ मध्ये निर्मात्यांविरुद्ध दावा दाखल केला. २०१२ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. कलाकृतीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय रास्तच होता. दोन प्रचलित शब्दांवर कोणाचीही मक्तेदारी असू नये. तरीही या निर्णयाकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. गाण्याच्या मूळ मुद्रणावर हक्क नाही, रेडिओवरील वादनावर हक्क नाही, म्हणून गायकाने अखेरीस नावावर हक्क सांगितला. तोही मिळाला नाही. पडद्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना अपोलोचा रंगमंच मिळाला. प्रत्यक्षातली जोडी ३१ डिसेंबर १९८१ नंतर कधीच एकत्र गायिली नाही. प्रेटर १९८८ मध्ये मोटार अपघातात गेले. मूर यांचे निधन जानेवारी २०२५ मध्ये झाले.

मग हा चित्रपट फेकून द्यावा काय? मुळीच नाही, आणि सौंदर्यवाद्यांशी आमचा मतभेद आहे तो येथेच. जॅक्सन आणि मॅक यांचे भांडण ऐकावे: एक वाक्य टाकतो, दुसरा ते हवेतच पकडून उलटे फिरवतो. ही चर्चमधली हाक आणि प्रतिसादच आहे, फक्त शिव्यांच्या भाषेत. कथानक ज्या गोष्टीविषयी मौन पाळते ती अभिनय सांगून जातो: हे काम एकट्याचे नव्हे, आणि दुसऱ्याच्या वाट्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. आणखी एक. हेझ या चित्रपटात स्वतःच्याच नावाने दिसतात. बर्नी मॅक ९ ऑगस्ट २००८ रोजी आणि हेझ १० ऑगस्टला, म्हणजे प्रदर्शनापूर्वीच, निवर्तले. चित्रपटाच्या शेवटी दोघांना वाहिलेली श्रद्धांजली जोडलेली आहे. मृत गायकाच्या काल्पनिक श्रद्धांजलीवर उभारलेल्या कथेला खऱ्या मृत्यूंनी गाठले. ज्याचे हक्क दिवाळखोरीत गेले तो माणूस येथे आदरणीय पाहुणा म्हणून हसतो आहे. या दृश्याला निव्वळ स्मरणरंजन म्हणणे ही वाचनातील आळशीपणाची परिसीमा होय. स्मरणरंजनात भूतकाळ निरुपद्रवी झालेला असतो. येथे तो येणेकरी म्हणून दारात उभा आहे आणि चित्रपट त्याचे फुलांनी स्वागत करतो.

५

मराठी नियतकालिकात या साऱ्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच वाङ्मयेतिहासात आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि तेव्हापासून दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी तुलना हे एक मान्यताप्राप्त प्रकरण झाले. पण आपण तुलनेसाठी निवडले ते पुस्तक. रिचर्ड राइट आले, जेम्स बॉल्डविन आले. मेम्फिसच्या ध्वनिमुद्रणगृहातील गाणारे आले नाहीत. छापील अक्षराला लेखकत्व आणि गळ्याला केवळ भावना, अशी जी वाटणी कायद्याने केली, तीच आपल्या तौलनिक अभ्यासाने निमूटपणे स्वीकारली. विद्रोहाची तुलना करणाऱ्या समीक्षेने मालकीचा प्रश्न मात्र परक्या कारकुनाकडे सोपवला.

म्हणून मागणी साधी आहे. सुखात्मिकेच्या शेवटी होणारा समेट वाचताना समीक्षकाने विचारावे की कोणाचे कोणाशी भांडण मिटले, आणि कोणाशी असलेले भांडण मुळात पटकथेत शिरूच दिले गेले नाही. दोन मित्रांनी एकमेकांना माफ केले हे उत्तमच झाले. त्यांनी एकमेकांचे देणे लागत असल्याचा पुरावा मात्र कोठेच नाही. देणेकरी तिसराच होता आणि अपोलोच्या कार्यक्रमाला त्याला कोणी बोलावले नव्हते.